सोंगटी आणि बांगडी

उतरत्या फळीवर कॅरमची सोंगटी आणि बांगडी उभ्या धरून एकाच वेळी सोडल्या, तर आधी कोण पोहोचेल? ‘जी जड असेल ती’, हे वर्गातले नेहमीचे उत्तर. वस्तुतः न घसरता घरंगळताना वजन आणि त्रिज्या दोन्ही हिशेबातून गळतात. उरते ती वस्तुमानाची वाटणी. (अर्थशास्त्राला हे नवे नाही!) बांगडीचे सारे वस्तुमान कडेला, त्यामुळे तिची निम्मी गतिज ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यातच जाते, सोंगटीची मात्र एकतृतीयांश. म्हणून सोंगटी पुढे, बांगडी कितीही जड असो. या प्रयोगाला खर्च तो कितीसा? तरीही अनेक वर्गांत हे प्रकरण फळ्यावरच्या सूत्राने सुरू होते आणि उत्तरपत्रिकेत संपते. तेच सूत्र बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळवलेला विद्यार्थी मग फळीपाशी जड बांगडीवरच पैज लावतो.