वजन उतरते, तसा दमही

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरलेल्या मल्ल विनेश फोगट यांचे अपील क्रीडा लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळल्यामुळे वजनाच्या नियमावरील तो वाद लवादापुरता मिटला. मात्र एका रात्रीत वजन उतरवताना मल्लाच्या कमावलेल्या शरीराचे काय होते, हा त्याहून मोठा प्रश्न तसाच राहिला आहे.

तालमीत ज्याला ‘दम’ म्हणतात तो टप्प्याटप्प्याने घडतो. जोर-बैठका सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लावू लागते म्हणून. स्नायू भरतात ते नंतर. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत स्नायूंना बरीचशी ऊर्जा प्राणवायूविना साखरेच्या विघटनातून मिळवावी लागते, आणि त्यातून निर्माण होणारे लॅक्टेट रक्तात विश्रांतीच्या वेळेपेक्षा अनेक पटींनी वाढते. त्यासोबत येणारी आम्लता सोसण्याची क्षमता आणि स्नायूंभोवतीचे केशवाहिन्यांचे दाट जाळे ही महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीची कमाई असते.

सर्वांत आधी होणारा, तरीही क्वचितच बोलला जाणारा बदल रक्तद्रवाचा आहे. रक्तद्रव म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्ताचा द्रव भाग. नियमित व्यायामाने तो एक-दोन आठवड्यांतच वाढतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलते आणि शरीरातील उष्णता घामावाटे सहज बाहेर पडते. पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवणारा मल्ल नेमका हाच द्रव गमावतो. उपासाने स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आटतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही जाते. काटा खाली येतो, पण इंधनही संपते.

त्याच ऑलिम्पिकमध्ये मल्ल अमन सेहरावत यांनी कांस्यपदकाच्या लढतीपूर्वी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवल्याचे वृत्त सर्वत्र कौतुकाने छापले गेले. त्यांची जिद्द वादातीत आहे. परंतु त्या पद्धतीचे कौतुक घातक आहे, कारण अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अशाच घाईने वजन घटवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सौना व रबरी पोशाखांवर बंदी घातली, आणि शरीरातील पाणी व चरबी तपासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन हंगामापूर्वीच ठरवण्याची पद्धत आणली. महाराष्ट्रातील तालमींतून कुमार गटात उतरणाऱ्या, अद्याप उंची वाढत असलेल्या मुलामुलींसाठी अशी तपासणी सक्तीची करावी, आणि तिच्या निष्कर्षाविरुद्ध खालच्या गटात उतरवण्याची मुभा ना वस्तादांना असावी, ना पालकांना.