वादातून आलेला विश्वास

भिलाईत तरुण मुलं बायबल अभ्यासाला बसली की नेमक्या अवघड जागी बोट ठेवतात. अमालेकी लोकांचा समूळ संहार करायला देवाने शौलाला का सांगितलं? पिता आपल्याहून थोर आहे असं येशूच म्हणतो, तर त्रैक्य कसं मानायचं? मग कुणीतरी वडीलधारं माणूस ‘शंका काढू नका’ म्हणून विषय मिटवतं. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आहे, त्यात चूक नाही, असं मी मानतो. म्हणूनच हे गप्प करणं मला सोसत नाही. मराठी ख्रिस्ती विचार वाढला तोच मुळी भर चौकातल्या वादात.

१८३१ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा वाद रंगला. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू घेऊन विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला मिशनऱ्यांशी भिडत होते. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी तो वाद पुस्तकरूपाने छापला. पण बाहेरच्यांशी भांडण्यापेक्षा स्वतःशी भांडणारी माणसं मला अधिक मोलाची वाटतात.

नीळकंठशास्त्री गोरे त्यांतले पहिले. घराणं कोकणातलं, शिक्षण काशीतलं. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्यात ख्रिस्ती मतावर कठोर आक्षेप होते. पुढे याच माणसाने १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि तो नेहेम्या गोरे झाला. १८६० च्या ‘षड्दर्शन दर्पणा’त त्यांनी ज्या दर्शनांमध्ये आपण वाढलो त्यांचीच झडती घेतली. बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या मात्र नाहीत. सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न त्यांना नंतरही छळत राहिला. तरी त्यांनी विश्वास सोडला नाही आणि प्रश्न लपवलाही नाही. गोऱ्यांचं मोठेपण मला त्यांच्या पांडित्याहून इथे अधिक दिसतं.

गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांची पत्रापत्री पेटली. त्रैक्य, अथनेशियसचा मतांगीकार, चर्चची सत्ता, काहीच त्या निमूट मान्य करीनात. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापलेली ती पत्रं वाचून अनेकांना रमाबाई बंडखोर वाटतात. माझं वाचन वेगळं आहे. माणसांनी घातलेली बंधनं त्या झुगारत होत्या, पण शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखवा, हा त्यांचा हट्ट कायम होता. शास्त्राला सर्वांच्या वर ठेवणारी याहून पारंपरिक भूमिका कोणती?

अशा हट्टाने वाचलं की ‘पिता थोर’ ही योहानाच्या चौदाव्या अध्यायातली गाठही सुटू लागते. त्याच शुभवर्तमानाची सुरुवात शब्दाला देव म्हणते. पौल फिलिप्पैकरांना सांगतो की पुत्राने दासाचं रूप घेतलं. पित्याला थोर म्हणणारा येशू त्या दासाच्या रूपात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री बोलतो आहे. अमालेकांचं उत्तर इतकं सरळ नाही. वाटेत मागे पडलेल्या दुबळ्यांवर त्यांनी केलेला हल्ला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नोंदलेला आहे. देवाच्या न्यायाला तेवढा आधार मिळतो. त्या संहारातल्या लेकरांचा प्रश्न तरीही उरतो, आणि उरतो असं मुलांना सांगायला हवं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार बायका-मुलींना घेऊन परतल्या. आजचं भिलाई त्याच प्रांताच्या हद्दीत होतं, म्हणून या भागाचं रमाबाईंच्या केडगावच्या ‘मुक्ती’ या संस्थेशी असलेलं नातं मला जवळचं वाटतं. इंग्लंडात विदुषींना निरुत्तर करणारी ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ संहितेवरून मराठी बायबल करायला बसली. कुणासाठी? नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बायांसाठी. भाषा त्यांना कळेल अशी साधी ठेवली आणि छपाईचं काम ‘मुक्ती’तल्या बायांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. अवघड वचनं त्यांनी गाळली नाहीत. अमालेकांचा अध्यायही त्या साध्या मराठीत जसाच्या तसा आहे.