खाद्यकंपनीचा कार्बन हिशेब: बॉयलरपेक्षा गोठा मोठा

खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीचे उत्सर्जन म्हटले की डोळ्यांपुढे धुरांडे येते. नेस्लेने डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केलेला आराखडा वेगळेच सांगतो. 2018 हे पायाभूत वर्ष धरून कंपनीने आपले एकूण उत्सर्जन 11.3 कोटी टन दाखवले, आणि त्यातले सुमारे 95 टक्के पुरवठा साखळीतले होते. म्हणून असा अहवाल हाती आला की कारखान्याच्या छपरावरच्या सौर पॅनेलचे फोटो मागे टाकून आधी दूध, कोको, कॉफी आणि धान्याची पाने उघडावीत.

तीन कप्पे

हिशेबाची पद्धत ठरते ती जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या मानकावरून. त्याची पहिली आवृत्ती 2001 मध्ये निघाली. उत्सर्जन त्यात तीन कप्प्यांत, म्हणजे स्कोपमध्ये, वाटलेले असते. स्कोप 1 मध्ये कंपनीने स्वतः जाळलेले इंधन येते: बॉयलर, जनरेटर, मालकीच्या गाड्या. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. शीतगृहातली गॅसगळतीही इथेच धरतात, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. आर-404ए हा गॅस एक किलो गळला तर त्याचा परिणाम सुमारे 3,900 किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. कॉम्प्रेसरमध्ये वर्षभरात किती गॅस भरला याची मेकॅनिकची वही त्यामुळे हिशेबाचा महत्त्वाचा कागद ठरते.

स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. भारतीय ग्रिडवर एका युनिटमागे अंदाजे 0.7 किलो पडतात. उरलेले सगळे स्कोप 3 मध्ये. त्याचे 15 प्रकार आहेत.

एका लिटर दुधामागे

नेस्लेच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा दूध आणि पशुधनाचा होता. गाय रवंथ करते तेव्हा मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापदायक.

पण तो मोजायचा कसा? प्रत्येक गायीला यंत्र लावणे शक्य नसते, म्हणून ठरीव सरासरी वापरतात. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान बदल मंडळाच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला 58 किलो मिथेन धरला आहे आणि दूध सुमारे 900 किलो. म्हणजे 58 गुणिले 28, एकूण 1,624 किलो. दर किलो दुधामागे सुमारे 1.8 किलो, आणि यात शेण, चारा, टँकर काहीच आलेले नाही.

आता नगर जिल्ह्यातली संकरित होल्स्टीन गाय घ्या. ती चारा आणि पेंड जास्त खाते, मिथेनही जास्त सोडते. पण दूध कितीतरी अधिक देत असल्याने लिटरमागचा भार कमी होतो. ठरीव आकडा लावला की हा फरक पुसला जातो. शेतकऱ्याने मुरघास केला, खाद्य संतुलित केले, तरी अहवालात काही हलत नाही. तिथे आकडा कमी करायचा तर दूधच कमी घ्यावे लागेल! शेतकऱ्यावर हा अन्याय आहे. गावपातळीवर खाद्य आणि दुधाच्या नोंदी घेणारी कंपनी खर्च जास्त करते, पण तिच्याच आकड्याला अर्थ असतो.

घट वाचताना

एकूण 11.3 कोटी टनांपैकी नेस्लेने घटीचे उद्दिष्ट 9.2 कोटी टनांवरच लावले. ग्राहक घरी पाणी उकळून कॉफी करतो ते उत्सर्जन, उदाहरणार्थ, बाहेर राहिले. नियमांत ते बसते, मात्र वाचकाला ही रेघ दिसली पाहिजे. 2024 साठी कंपनीने 2018 च्या तुलनेत 20 टक्क्यांहून थोडी जास्त निव्वळ घट सांगितली. ‘निव्वळ’ म्हणजे झाडे आणि मातीने शोषलेला कार्बनही वजा केलेला. झाड तुटू शकते, नांगरलेल्या मातीतला कार्बन परत हवेत जातो. म्हणून प्रत्यक्ष घट आणि शोषण वेगळ्या रकान्यांत मागावे.

भारतातला नियम

सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, सक्तीचा केला. त्याच्या नमुन्यात स्कोप 1 आणि 2 आवश्यक आहेत, स्कोप 3 ऐच्छिक. सिमेंट कंपनीबाबत ही सवलत एकवेळ चालेल, कारण तिचे बहुतेक उत्सर्जन तिच्याच भट्टीत होते. डेअरी कंपनी मात्र बॉयलर आणि विजेचे आकडे भरून नियम पूर्ण पाळू शकते, आणि ज्या दुधावर तिचा धंदा चालतो त्याचा रकाना कोरा ठेवू शकते.