बारडोलीचा सारा : एका आकड्याची हकीकत

आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीचा इतिहास बहुधा सभा, मिरवणुका, तुरुंगवास व हौतात्म्य यांच्या अंगाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, त्याचा आरंभ शेतसाऱ्याच्या एका आकड्यापासून झाला आणि शेवटही त्याच आकड्याच्या फेरतपासणीने झाला. ते प्रकरण म्हणजे सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याचा इ. स. १९२८ चा सत्याग्रह होय. वल्लभभाई पटेलांच्या खंबीरपणाविषयी व तेथील शेतकऱ्यांच्या एकजुटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; पण मूळ तंटा कोणत्या हिशेबाचा होता, हे उलगडून सांगणारे क्वचितच आढळतात. ज्याच्या नावावर चार एकर जमीन आहे त्याने तरी ते समजून घेणे अगत्याचे आहे. कारण बारडोली जशी मुंबई इलाख्यात होती, तसेच आपले देशावरचे व कोकणातले बहुतेक जिल्हेही त्याच इलाख्यात आणि त्याच महसुली कायद्याखाली होते.

जमाबंदीची रीत

ही रीत प्रथम आपल्याच मुलखात बसली. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जी मोजणी व आकारणी सुरू केली, तीच पुढे सर्व इलाख्यात पसरली. तिचे सूत्र थोडक्यात असे. प्रत्येक शेताची मोजणी करून त्यास नंबर द्यावयाचा. मातीचा रंग, खोली व दोष पाहून तिची प्रत आण्यांत ठरवावयाची. सोळा आणे म्हणजे उत्तम प्रत. नंतर पाऊसमान, बाजारपेठेची जवळीक व लागवडीची स्थिती पाहून गावांचे गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटास एकरी कमाल दर लावावयाचा. समजा, गटाचा कमाल दर तीन रुपये आहे आणि शेताची प्रत बारा आणे आहे, तर त्या शेताचा आकार एकरी सव्वादोन रुपये झाला. हा आकार सामान्यतः तीस वर्षे कायम राहात असे.

तीस वर्षांनी फेरजमाबंदी होई तेव्हा शेतांच्या प्रतीस सहसा हात लावीत नसत. बदल होई तो गटाच्या दरात. म्हणजे कचेरीत बसून एका गटाचा दर वाढविला की त्या गटातील शेकडो शेतांचा सारा एका झटक्यात वाढे. शिवाय एखादे गाव खालच्या गटातून वरच्या गटात चढविले, तर त्या गावावर दुहेरी वाढ बसे. शेतकऱ्याच्या बांधावर कोणी न येताही त्याचे देणे वाढू शके, ते असे.

बारडोलीचा आकडा कसा वाढला

बारडोली तालुक्यात १३७ गावे होती व वस्ती सुमारे ८७ हजार होती. जमीन काळी, पीक मुख्यतः कापूस व जोंधळा. पूर्वीची जमाबंदी १८९६ ची. तिची मुदत संपत आली तेव्हा फेरजमाबंदीचे काम जयकर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टराकडे आले. त्यांनी तालुक्याचा सारा ५,१४,७६२ रुपयांवरून ६,७२,२७३ रुपयांवर न्यावा, म्हणजे शेकडा तीस वाढवावा, अशी शिफारस केली आणि तेवीस गावे वरच्या गटात चढविली. कारणे अशी दाखविली की, मधल्या काळात तापी खोऱ्याची रेल्वे झाली, रस्ते झाले, लोकसंख्या वाढली, पक्की घरे उठली, आणि कापसाचे व धान्याचे भाव चढले.

ही कारणे वरवर पाहता पटण्यासारखी दिसतात. परंतु भाव चढले ते पहिल्या महायुद्धाच्या व त्यानंतरच्या तेजीच्या वर्षांत. तो अहवाल पुढे गेला त्या सुमारास कापूस उतरू लागला होता. शिवाय उत्पन्नाची किंमत वाढली म्हणून नफा वाढला असे होत नाही. मजुरी, बैल, बी-बियाणे यांचाही खर्च त्याच काळात चढला होता, आणि तो वजा घातल्यावाचून शेतकऱ्याच्या पदरात काय उरले हे कळावयाचे नाही. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या १०७ व्या कलमात फेरआकारणी करताना शेतीच्या नफ्याकडे लक्ष द्यावे असे स्पष्ट म्हटले होते. आणि नफा म्हणजे ढोबळ उत्पन्न नव्हे, हे कोणाही कुणब्यास सांगावे लागत नाही.

सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी जयकरांची ही कारणमीमांसा बाजूस सारली आणि सर्व भार खंडाच्या आकड्यांवर टाकला. जमीन खंडाने लावली असता जो खंड येतो तोच खरा निव्वळ नफा, आणि त्याच्या प्रमाणात सारा बसवावा, हा त्यांचा विचार. विचार म्हणून त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण ज्या कोष्टकावर तो उभा केला, ते कोष्टकच कच्चे होते. सात वर्षांत झालेल्या खंडाच्या करारांचे क्षेत्र त्यात एकत्र मांडलेले होते; ते जणू एकाच वर्षाचे आहे असे धरल्यामुळे तालुक्यातील जमिनीचा मोठा हिस्सा खंडाने दिलेला आहे असा ग्रह झाला. प्रत्यक्षात बहुतेक जमीन खातेदार स्वतः वाहात होते. शिवाय खंडाच्या करारांतही अनेक जाती असतात. सावकाराकडे गहाण टाकलेली जमीन ऋणको स्वतःच खंडाने करतो, तेव्हा तो खंड नसून कर्जाचे व्याज असते. घराशेजारचा बागायती तुकडा भारी खंडास जातो, तो जिराईत जमिनीस लावता येत नाही. तेजीच्या वर्षी कागदावर लिहिलेला खंड मंदीत वसूल होत नाही. हे सर्व निवडून काढावयाचे तर गावोगाव जाऊन कूळ व मालक या दोघांसही विचारले पाहिजे. ते झाले नाही. सरकारने अखेरीस जुलै १९२७ मध्ये वाढ शेकडा २२ ठरविली.

दाद कोठे मागावी ?

वाचक विचारील की, आकडा चुकीचा होता तर न्यायालयात का गेले नाहीत? उत्तर असे की, ते दार बंद होते. १८७६ च्या महसुली अधिकारक्षेत्राच्या कायद्याने साऱ्याच्या आकाराविषयीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेतून काढून टाकलेले होते. आकार ठरविणारे सरकार, तो वसूल करणारे सरकार, आणि त्याविरुद्धच्या अर्जाचा निकाल देणारेही सरकारच. परकी सत्तेचे खरे स्वरूप शेतकऱ्यास गोऱ्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा या रचनेत अधिक स्पष्ट दिसे.

म्हणूनच बारडोलीची मागणी किती माफक होती हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सारा माफ करा असे कोणी म्हटले नाही. जुना सारा पूर्ण वसूल म्हणून स्वीकारा, अथवा निःपक्षपाती पंच नेमून आकड्याची चौकशी करा. चौकशीत वाढ योग्य ठरली तर ती भरू, एवढेच म्हणणे होते. हा लढा स्वराज्याचा नसून साऱ्याच्या चौकशीचा आहे, हे वल्लभभाई स्वतः वारंवार सांगत. तत्पूर्वी कुंवरजी व कल्याणजी मेहता या स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांस जागे केले होते, आणि नरहरि परीख यांनी शेतीचा जमाखर्च तपासून जयकरांच्या अहवालावर लेख लिहिले होते. लढ्याच्या आधी हिशेब झाला होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

सहा महिने

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीस खातेदारांची परिषद भरून वाढीव सारा न भरण्याचा ठराव झाला. सहा वर्षांपूर्वी, १९२२ साली, गांधीजींनी कायदेभंगाकरिता हाच तालुका निवडला होता. पण चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर ती मोहीम त्यांनी थांबविली होती. या वेळी वल्लभभाईंनी तालुक्याच्या छावण्या पाडल्या व प्रत्येकीवर जबाबदार माणूस बसविला. अब्बास तय्यबजी, रविशंकर महाराज, दरबार गोपाळदास, मोहनलाल पंड्या, जुगतराम दवे ही मंडळी होती. मिठूबेन पेटिट यांच्यासारख्या स्त्रियाही गावोगाव फिरल्या. रोज एक पत्रिका छापून वाटली जाई, म्हणजे अफवांस वाव राहात नसे.

सरकारने कायद्यातील सर्व पायऱ्या वापरल्या: थकबाकीच्या नोटिसा, चौथाई दंड, जंगम मालाची जप्ती, आणि शेवटी जमीन सरकारजमा करून तिचा लिलाव. गुरे जप्त करण्यासाठी पठाण आणले. तेव्हा लोकांनी घरांस आतून कड्या घातल्या आणि गुरांसह स्वतःस कोंडून घेतले. जप्तीदार येताना दिसला की झाडावर बसलेली पोरे ढोल व शंख वाजवून गावास इशारा देत. महिनोन्‌महिने उजेड न दिसल्याने म्हशींची कातडी फिकी पडली. पुष्कळ पटेलांनी व काही तलाठ्यांनी राजीनामे दिले. ज्यांनी महसुली कचेरीत काम केले आहे त्यांस या राजीनाम्यांचे मोल निराळे सांगावयास नको. वसुलीचे यंत्र गावात ज्या दोन चाकांवर चालते तीच निखळली. मुंबईच्या कायदेकौन्सिलातील काही सभासदांनीही आपल्या जागा सोडल्या.

गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी २३ जुलै रोजी पुण्यास कौन्सिलापुढे चौदा दिवसांची निर्वाणीची मुदत दिली. ती संपण्याच्या आतच, ६ ऑगस्ट १९२८ रोजी, तडजोड झाली. चौकशी कबूल झाली, जप्त जमिनी परत, कैद्यांची सुटका, तलाठी पूर्ववत कामावर. सरकारची अब्रू राहावी म्हणून वाढीची रक्कम आधी भरण्याची अट होती. ती शेतकऱ्यांनी न भरता एका त्रयस्थ गृहस्थाने ठेव म्हणून भरली. तिकडे शेतकऱ्यांनी जुना सारा चुकता केला.

चौकशी आणि निकाल

येथे पुष्कळ लेखक कथा संपवितात. वास्तविक खरा निकाल पुढेच लागला. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड व महसूलखात्याचे मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर १९२८ पासून बारडोली व शेजारचा चोर्यासी या दोन्ही तालुक्यांतील गावे फिरून तपास केला. आरंभी भुलाभाई देसाई यांनी शेतकऱ्यांची बाजू मांडली. पुढे महादेवभाई देसाई, नरहरि परीख व रामनारायण पाठक हे आकड्यांनिशी हजर राहिले. एकेक खंडपत्र तपासता जयकरांची कोष्टके विश्वसनीय नाहीत हे या अधिकाऱ्यांनाच मान्य करावे लागले. १९२९ साली आलेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे बारडोलीची वाढ २२ ऐवजी शेकडा सुमारे सहावर आली.

याचा हिशेब करून पाहावा. ५,१४,७६२ रुपयांवर शेकडा २२ म्हणजे वर्षास सुमारे १ लाख १३ हजार. शेकडा ६ म्हणजे सुमारे ३१ हजार. फरक वर्षास ८२ हजारांचा, आणि तीस वर्षांच्या मुदतीत साडेचोवीस लाखांच्या घरात. एका कोष्टकातील चुकीची ही किंमत एका तालुक्याला मोजावी लागली असती.

निकाल एका तालुक्यापुरता होता, परिणाम देशभर झाला. सरकारचा आकडा चुकीचा असू शकतो व तो मागे घेववता येतो, हे खेड्यांतील माणसांस कळले. वल्लभभाई 'सरदार' झाले. १९३० च्या कायदेभंगात याच भागाने पुन्हा साराबंदी केली, आणि त्या वेळी गेलेल्या जमिनी १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात परत मिळाल्या. त्याच मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, जमाबंदीची तत्त्वे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता कायद्यातच घालण्यात आली.

जे राहून गेले

गुणगान करताना उणे लपवू नये. बारडोलीत जमीनवाल्या पाटीदारांच्या शेतावर राबणारे दुबळा लोक पिढ्यान्‌पिढ्या कर्जाने बांधलेले 'हाळी' होते. साऱ्याचा भार हलका झाला तो खातेदाराचा; हाळ्याच्या कर्जाच्या वहीची चौकशी करण्यास कोणी ब्रूमफील्ड बसला नाही. जुगतराम दवे व इतर काही सेवकांनी पुढे आयुष्यभर त्या लोकांत काम केले, ही गोष्ट भूषणावह आहे. तथापि सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या गड्याच्या हिशेबाकडेही त्याच नजरेने पाहावे, एवढे तेथून शिकण्यासारखे आहे.

आपणांस बोध

आज शेतसारा हे शेतकऱ्याचे मोठे दुखणे राहिलेले नाही. पण आपल्या सातबाऱ्यावर आकारणीचा जो आकडा दिसतो, तो त्याच प्रतबंदीचा व दराचा वारस आहे. आणि आज त्याच कागदावरील इतर रकान्यांवर आपले पुष्कळ काही अवलंबून आहे. जिराईत की बागायत या नोंदीवर भूसंपादनाचा मोबदला ठरतो. पीकपाहणीत न चढलेल्या पिकाची नुकसानभरपाई मागताना खेटे घालावे लागतात. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की टंचाईच्या सवलती दुरावतात. खेड्याच्या १९१८ च्या सत्याग्रहात पीक चार आण्यांच्या वर की खाली, हाच तंटा होता. आणे गेले, पैसे आले, प्रश्न तोच आहे.

तेव्हा प्रत्येक खातेदाराने वर्षातून एकदा तरी आपला सातबारा, आठ-अ व फेरफार स्वतः वाचावा. चूक दिसल्यास तोंडी न सांगता लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पैसेवारी जाहीर होते तेव्हा गावाने एकत्र बसून ती पाहावी आणि हरकत मुदतीत घ्यावी. आणि आपल्या शेतीचा जमाखर्च साध्या वहीत का होईना, पण लिहून ठेवावा. बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या एकजुटीने सरकारला चौकशीच्या मेजाशी बसविले हे खरे. पण मेजाशी बसल्यावर जिंकून दिले ते वहीने. यांपैकी एकच गोष्ट त्यांच्यापाशी असती, तर वाढ शेकडा बावीसच राहिली असती.