पद्मिनीच्या पाच वायरी

2023च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी सेवेतून उतरली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात घडलेली ही गाडी मूळची इटलीची फियाट 1100. पद्मिनी हे नाव तिला 1974 साली मिळालं. टॅक्सी गेली, तरी जिवापाड जपलेल्या पद्मिनी आजही अनेकांच्या दारात उभ्या आहेत. त्यांचे मालक रंगासाठी, क्रोमसाठी, मूळच्या हेडलाइटसाठी बाजार पालथा घालतात. बॉनेटखालच्या पाच काळ्या वायरी मात्र दुकानदार देईल त्या बसवून मोकळे होतात. या लेखात त्या वायरींची बाजू मांडायची आहे, कारण पावसाळ्यातल्या सकाळी गाडी सुरू होणार की नाही, हे बऱ्याचदा त्याच ठरवतात.

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून चार वायरी चार प्लगांकडे जातात, पाचवी मधोमध बसते आणि इग्निशन कॉइलकडे जाते. ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने 1910च्या सुमारास मोटारींसाठी घडवली. बॅटरी 12 व्होल्टची. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेढ्यांतून करंट वाहतो आणि आत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत 20 हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहू शकतो. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या प्लगाकडे वळवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर मिळून सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, म्हणजे प्रत्येक प्लगाच्या वायरीला सेकंदाला 25.

वायरींचे मुख्य प्रकार तीन. पहिला तांब्याचा. पिळलेल्या तांब्याच्या तारा आणि भोवती इन्सुलेशन, विरोध जवळजवळ शून्य. दुसरा कार्बनचा. यात धातूची तारच नसते, कार्बन मुरवलेला धागा असतो आणि त्याचा विरोध फुटाला काही हजार ओहम भरतो. तिसरा स्पायरल. मधल्या गाभ्याभोवती बारीक मिश्रधातूची तार गुंडाळलेली असते आणि विरोध फुटाला काहीशे ओहम असतो.

विरोध मुद्दाम का वाढवायचा? याचं उत्तर रेडिओत आहे. हाइनरिश हर्ट्झने 1887 साली रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. मोटारीचा प्लगही तेच करतो, आणि तांब्याची वायर त्याची एरियल बनते. आपल्या रेडिओत खरखर होते, शेजाऱ्याच्याही होते. विरोध घातला की करंटचे अचानक उसळणारे झटके मवाळ होतात आणि खरखर दबते.

‘तांब्याची वायर म्हणजे जोरदार ठिणगी’ ही समजूत गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. ती तपासून पाहावी. ठिणगी पडण्याआधी प्लगाच्या फटीतून जवळजवळ करंटच वाहत नसतो, त्यामुळे वायरीच्या विरोधात व्होल्टेज फारसं खर्च होत नाही. फट ओलांडायला लागणारा दाब जवळजवळ पूर्णच प्लगापाशी पोचतो. ठिणगी पेटल्यावर करंट वाहतो, पण तोही काही दशांश अँपिअरपेक्षा कमी. 50 मिलीअँपिअर आणि 10 हजार ओहम धरले, तर 500 व्होल्ट वायरीत जातात. एवढं कॉइलला सहज झेपतं. पण रेझिस्टर प्लग, प्लगावरची रेझिस्टर कॅप आणि लांब कार्बन वायर हे तिन्ही एकावर एक चढवले, तर पेटलेल्या ठिणगीची ताकद खरोखरच घटते. म्हणून या तिघांची बेरीज एकत्र पाहावी.

खरी कसोटी लागते ती बाहेरच्या आवरणाची. हजारो व्होल्टना इंजिनाच्या लोखंडाकडे पळायची वाट हवीच असते, आणि आवरणाला ती सतत अडवावी लागते. जुन्या वायरींचं रबर उष्णतेने आणि तेलाने कडक होतं. शिवाय उच्च दाबामुळे वायरीभोवतीच्या हवेत ओझोन तयार होतो आणि तोच रबराला चिरा पाडतो. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण एक्झॉस्टच्या जवळ मऊ होतं. सिलिकॉन 200 अंशांच्या आसपासची उष्णता सोसतं, मात्र धारदार कडेवर घासलं तर लवकर फाटतं. मुंबई-कोकणच्या दमट, खारट हवेत वायरीवर धूळ आणि ओल साचली, की पृष्ठभागावरूनच करंट गळतो आणि गाडी मिसिंग करू लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर आणखी कसली तपासणी करायची गरज नाही. हात मात्र लावू नका.

मग निवड कशी करायची? पॉइंट मूळचेच असतील आणि रेडिओ नसेल, तर चांगल्या सिलिकॉन आवरणाची 7 मिलिमीटरची तांब्याची वायर आणि टोकाला रेझिस्टर कॅप हा मजबूत पर्याय आहे. रेडिओ असेल, किंवा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर कार्बन किंवा स्पायरलच घ्यावी, कारण तांब्याच्या वायरीतून उठणारा गोंगाट त्या इलेक्ट्रॉनिक भागाला गोंधळात पाडू शकतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये टोकदार स्क्रू वायरीत घुसवून जोड होत असेल, तर तिथे कार्बन चालत नाही, स्क्रूने धागा तुटतो. जाडी 8 मिलिमीटर केल्याने ठिणगी वाढत नाही, उलट मूळच्या क्लिपांत वायर बसत नाही.

बसवतानाही विचार लागतो. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. म्हणजे 3 नंतर लगेच 4ची पाळी येते आणि 2 नंतर 1ची, आणि हे सिलिंडर शेजारी शेजारीच आहेत. त्यांच्या वायरी चिकटून समांतर नेल्या, तर एकीचा दाब दुसरीत उतरून अवेळी ठिणगी पडू शकते. म्हणून त्यांच्यात अंतर ठेवावं. जुन्या वायरी एकेक करून बदलाव्यात, म्हणजे क्रम चुकत नाही. काढताना वायर ओढू नये, टोपी धरून फिरवत काढावी.

आणि पाचही एकदम बदलाव्यात. काटकसरीत बहुधा कॉइलची वायर जुनीच राहते. वास्तविक चौघींच्या वाट्याच्या सगळ्या ठिणग्या तिच्यातूनच जातात, म्हणजे ती इतरांच्या चौपट राबते. प्लगाची एखादी वायर गेली, तर गाडी तीन सिलिंडरवर धडपडत का होईना, घरी पोचते. कॉइलची गेली की जागीच थांबते. चार चांगल्या वायरींवर पैसे घालायचे ठरवलं असेल, तर पहिला मान या पाचवीला द्यावा.