तुरुंगाऐवजी देखरेख

मंडळी, समजा, कल्याणजवळच्या खेड्यातला १९ वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच सायकल चोरताना सापडला. धाडायचा का ठाण्याच्या तुरुंगात? तिथे मुरलेल्यांची संगत लागायची! १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो : गुन्हेगार २१ वर्षांच्या आतला असेल, तर आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. कोर्टाला पटले, तर चांगल्या वर्तणुकीच्या जामीनकतब्यावर, फार तर ३ वर्षे, पोरगा देखरेखीखाली घरीच राहतो. अधिकारी त्याला भेटतो, सल्ला देतो, कामधंदा मिळवून द्यायला झटतो. दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रताही त्याला लागत नाही. पण गावानेच ‘चोर’ म्हणून दार लावले, तर कायदा काय करणार? गुरुजी, पहिली हाक तुम्हीच मारा.