उंचसखल जमिनीवरची तरफ

भिवंडीच्या गोदामात फिरणारी फोर्कलिफ्ट नीट पाहिली, तर ती चाकांवर ठेवलेली तरफच असते. पुढचा आस हा टेकू. टेकूच्या पुढे दोन लोखंडी काट्यांवर माल आणि मागे यंत्राचं स्वतःचं वजन. त्यात भर म्हणून पाठीमागे ओतीव लोखंडाचा जाड ठोकळा बसवलेला. मालाचं पारडं जड झालं की मागची चाकं उचलली जातात. फरशी सपाट असते तोवर हे गणित सोपं. पण टायर लहान, बऱ्याचदा भरीव रबराचे, आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. पावसाळ्यात तिला बांधकामावर नेलं, तर पहिल्याच खड्ड्यात ती रुतून बसेल.

मग ट्रॅक्टरलाच काटे लावले तर? मार्सेल ब्रो या फ्रेंच माणसाने 1957-58 च्या सुमारास नेमकं हेच केलं, पण ट्रॅक्टर उलटा फिरवून. ल्वार नदीकाठच्या आँस्नी गावात त्यांच्या घरचा बांधकाम यंत्रांचा कारखाना होता. ट्रॅक्टरची मोठी चाकं मागे असतात आणि इंजिनाची ताकद त्यांनाच मिळते. ब्रो यांनी चालकाचं तोंड त्या बाजूला वळवलं आणि काट्यांचा खांब, म्हणजे मास्ट, तिथेच उभा केला. मालाचा भार आता मोठ्या चाकांवर येऊ लागला, त्यामुळे जितका माल जड तितकी चिखलातली पकड घट्ट. इंजिन आपोआप पाठीमागे गेलं आणि तोल धरू लागलं. वळायचं काम मागच्या लहान चाकांकडे. नवा भाग जवळपास काहीच नाही, नुसती दिशा बदलली! मॅनिटू ही कंपनी यातूनच उभी राहिली.

पुढे चारही चाकांना ताकद मिळाली, हवेचे रुंद टायर आले, पोट उंच झालं. वळण्याचे तीन प्रकार आले: रस्त्यावर फक्त दोन चाकं वळतात, अडचणीच्या जागी चारही, आणि भिंतीलगत सरकायचं असेल तर चारही चाकं एकाच दिशेला वळून यंत्र खेकड्यासारखं तिरपं चालतं.

मात्र सरळ खांबाला एक मर्यादा होती. माल जिथे ठेवायचा तिथे यंत्राला स्वतः जावं लागे, मध्ये चर असला की काम अडलं. यावर उत्तर म्हणजे नळीत नळी सरकणारा हात, अर्थात दुर्बिणीसारखा लांबणारा बूम. ब्रिटनच्या जेसीबीने 1977 मध्ये ‘लोडऑल’ हे असं यंत्र बाजारात आणलं. (आपल्याकडे जेसीबी म्हणजे खोदणारं यंत्र, एवढाच अर्थ उरलाय, तो भाग वेगळा.) बूम वर जाताना काट्यांचा कोन बदलून विटा घसरायला हव्यात, पण तसं होत नाही. बूमच्या बुडाशी एक जादा हायड्रॉलिक सिलिंडर असतो. बूम उचलला की त्यातलं तेल ढकललं जाऊन टोकाशी असलेल्या सिलिंडरात जातं आणि काटे तेवढेच उलट झुकतात. चालकाला काही करावं लागत नाही.

हात लांबला तशी तरफही लांबली. समजा, यंत्राचं वजन 8 टन आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या दीड मीटर मागे आहे. गुणाकार 12. आसापुढे 2 मीटरवर 4 टन माल असेल, तर गुणाकार 8 येतो, म्हणजे निभावलं. तोच माल 6 मीटरवर नेला की 24, आणि यंत्र नाकावर आपटलं. त्या अंतरावर 2 टनांनाच पारडी बरोबरीला येतात, त्यामुळे सुरक्षित भार त्याहून बराच कमी. म्हणून ‘4 टनांचं यंत्र’ हे बोलणं अर्धवट. केबिनमधला भारतक्ता पाहिल्याशिवाय ते पुरं होत नाही.

बाजूचा उतार याहून फसवा. यंत्र 5 अंश कललं आणि माल 10 मीटर उंचावर असला, तर तो सुमारे 87 सेंटिमीटर बाजूला सरकतो. त्यासाठी अनेक यंत्रांत सांगाडा आणि पुढचा आस यांच्यात सिलिंडर बसवतात. माल वर नेण्याआधी चालक सांगाडा समतल करून घेतो. उचलल्यावर हा खेळ करायचा नसतो.

याच घराण्यातला दांडगा भाऊ सैन्यात सापडतो. अमेरिकी लष्कराचं कालमार आरटी 240 हे यंत्र सुमारे 24 टनांपर्यंतचा कंटेनर उचलतं. धक्का, क्रेन, फरसबंदी काहीही नसलेल्या किनाऱ्यावर माल उतरवता यावा, हा त्यामागचा हेतू.

आता बांधकामावरच्या यंत्राकडे परत येऊ. माल पुढे जाईल तसा मागच्या आसावरचा भार हलका होतो. तो मोजून केबिनमध्ये हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. लाल लागला की नवख्या चालकाचा हात माल खाली घ्यायला जातो. पण उंच उभा बूम खाली येताना कमानीत फिरतो आणि माल आणखी पुढे जातो. म्हणून आधुनिक यंत्र अशा वेळी बूम खाली येऊच देत नाही. आधी हात आत ओढायचा, खाली नंतर.